मोकळं दावं

सोसायटीची चारा छावणी उद्या बंद होणार होती. ताडपत्रीच्या सावलीत सत्यभामा रोजच्यासारखी मोठ्यानं वाचत होती. कॉलेजला यायच्या आधी थोडा इतिहास वाच, तिथल्या बाईंनी सांगितलं होतं. वडील बैलाच्या पाठीवर हात फिरवत ऐकायचे. आज जुन्या दुष्काळाचं प्रकरण निघालं. "त्या लोकांनी जनावरं कशी जगवली?" त्यांनी विचारलं. पुस्तकात होतं, लोकांनी बैल रानात सोडून दिले अन् मागं वळून पाहिलं नाही. सत्यभामा म्हणाली, "पाऊस आला, आबा. समदी जगली." "बरं झालं," म्हणत त्यांनी बैलाची मान खाजवली. दुसऱ्या दिवशी आबा वडवणीच्या बाजारातून एकटेच परतले. विकल्या जनावराचं दावं गिऱ्हाइकाला देत नाहीत. तेवढं हातात होतं. त्यांनी ते पुस्तकाशेजारी ठेवलं. "काल लई लवकर पाऊस पाडलास, पोरी," ते म्हणाले. "आता लिवलंय तसं वाच."