मुठीच्या आतला नंबर

"मूठ अस्सल आहे," युसुफभाई म्हणाले, आणि सोपानरावांच्या जिवात जीव आला.

गुरुवार होता. कंपन्यांना सुट्टी आणि पिंपरीत वीज नाही, म्हणून बंदूकदुरुस्तीच्या त्या एवढ्याशा दुकानात युसुफभाई स्टूल ओढून दारातल्या उजेडाला बसले होते. डोळ्याला भिंग, मांडीवर फडकं आणि फडक्यावर सोपानरावांचं विलायती रिव्हॉल्व्हर. स्वतःची सत्तरी उलटून गेल्यावर दुसऱ्यांच्या वस्तूंचं वय सांगत बसायचा त्यांना अलीकडे कंटाळा आला होता. पण जुनं ओळखणारा दुसरा कोणी जवळपास उरला नव्हता, त्याला ते तरी काय करणार?

"लाकूड अक्रोडाचं. नवीन बनवतात त्यांच्या कडा बोटाला टोचतात, ह्या बघा कशा गुळगुळीत झाल्यात. नळीवरचे शिक्के बघता साल अडतीस, फार तर एकोणचाळीस."

"मंग द्या की तेवढं लिहून."

त्या चिठ्ठीसाठीच सोपानराव बाहेर रिक्षा थांबवून बसले होते. हात कापायला लागल्यापासून त्यांच्या मुलाने, शेखरने, परवाना पुढे वाढवायचा नाही असं ठरवून टाकलं होतं. पुण्यातला जुन्या हत्यारांचा एक शौकीन रिव्हॉल्व्हर ठेवून घ्यायला तयार होता, पण सगळे भाग मूळचेच आहेत असं युसुफभाईंनी लिहून दिलं तरच. नाही तर ते सरकारजमा व्हायचं आणि एक दिवस भट्टीत जायचं. वडिलांची वस्तू वितळणार, या विचाराने म्हाताऱ्याला आठ दिवस जेवण गेलं नव्हतं.

"लिहायचं तर आतूनही बघतो," असं म्हणून युसुफभाईंनी मुठीचा स्क्रू काढला.

लाकडाच्या दोन पट्ट्या हातात आल्या. उजव्या पट्टीच्या आत, जिथे कुणी बघत नाही, तिथे कारखान्याने नंबर ठोकलेला होता. त्यांनी तो वाचला. मग रिव्हॉल्व्हरच्या अंगावरचा वाचला. मग पुन्हा पट्टीवरचा वाचला आणि भिंग काढून डोळे चोळले.

"मूठ अस्सल आहे, सोपानराव. पण ह्याची नाही. हे चारशे सतरा, मूठ सहाशे ब्याण्णव."

"आसं कसं हुईल? कदी परक्याच्या हाताला लावू दिलं न्हाई."

"दोन्ही एकाच सालातली आहेत. पण मूठ कधी बदलली, ते काही लाकूड सांगत नाही."

सोपानरावांनी पट्टी हातात घेऊन आतला नंबर बोटाने चाचपला.

"ते मी सांगतो," ते म्हणाले. "खंडेनवमीला. एकोनीस वर्सं झाली."

वडिलांनी आणि चुलत्यांनी एकदमच घेतलेली सारखी दोन रिव्हॉल्व्हरं. वडिलांचं सोपानरावांकडे आलं, निपुत्रिक चुलत्यांचं धाकट्या भावाकडे, कोंडाजीकडे. माण गावच्या घरी, जिथे आता कोंडाजी राहतो, दर खंडेनवमीला दोघे भाऊ ओट्यावर बसून दोन्ही खोलायचे, पुसायचे, तेल द्यायचे आणि पूजेला मांडायचे. त्या वर्षी पुसता पुसता वाटणीचा विषय निघाला. आवाज चढले. हाताला लागली ती मूठ बसवून दोघे उठले, ते उठलेच.

"म्हंजी माझी कोंडाजीकडं हाय."

"अदलाबदल करा. दहा मिनिटांचं काम आहे."

"दहा मिन्टांचं!" सोपानराव कसनुसं हसले. "पुनावळ्याला टावरात ऱ्हातो मी. गॅलरीतनं माणचं दिवं दिसत्यात. एकोनीस वर्सांत झालं न्हाई ते दहा मिन्टांचं काम. तुमी लिवा ना तसंच, युसुफभाई. आत कोन बघतंय?"

"मी बघितलं ना."

भावाभावांच्या मध्ये पडायचं नाही, हा युसुफभाईंचा धंद्यातला जुना नियम. पण आज तो पाळायलासुद्धा अंगात त्राण नव्हतं.

"गेल्या साली कोंडाजी आले होते. स्प्रिंग बदलायला. त्यांची मूठ खोलली तर आत चारशे सतरा. कशी बदलली ते त्यांनीच सांगितलं. म्हटलं, दादांकडे जा, आपली घेऊन या."

"मंग? काय म्हनला?"

"म्हणाले, असू दे. खंडेनवमीला दादाचं तेवढंच घरात असतं."

समोरच्या रस्त्यावरून एक रिकामी कंपनीबस गेली. सोपानरावांनी टोपी काढली, तिच्याच कडेने डोळे पुसले आणि पुन्हा डोक्यावर ठेवली.

"बसवा परत."

"हीच?"

"हीच."

"आणि चिठ्ठी?"

"ऱ्हाऊ द्या."

युसुफभाईंनी पट्ट्या जागच्या जागी लावल्या आणि स्क्रू पिळला. मजुरीचा विषय दोघांनीही काढला नाही. सोपानरावांनी रिव्हॉल्व्हर फडक्यात गुंडाळून पिशवीत ठेवलं आणि पायऱ्या उतरून ते रिक्षात बसले.

"पुनावळे ना, बाबा?" रिक्षावाल्याने विचारलं.

"माणला घे."

"माणला कुठं?"

"समदं बदाललंय म्हनत्यात. घर काय मला वळखू यायचं न्हाई." सोपानरावांनी पिशवी दोन्ही हातांनी पोटाशी धरली. "कुनाला तरी इचारू. कोंडाजीचा थोरला भाऊ आलाय म्हनावं."