आधी घंटा

शके १८९३च्या भाद्रपदात, धरणगावच्या गणेशमंडपात, प्रश्नमंजूषेची पात्रता फेरी रंगली होती. सर्वांआधी घंटा वाजवून बरोबर उत्तर देणारा एकच स्पर्धक जळगावला जाणार होता. आणि पहिल्या रांगेत बसलेल्या वडिलांची, कापसाचे व्यापारी तोतारामनानांची, मान उंचावायचीच, असा मुरलीधरने चंग बांधला होता.

गुरुजींनी विचारले, “सकाळी जड भरलेला कापूस दुपारी हलका का भरतो?”

मुरलीधरने तत्क्षणी घंटा बडवली. “दुपारी काट्यावर नाना स्वतः बसतात!”

नानांची मान खाली गेली.

“चूक! दुपारपर्यंत दव सुकते,” गुरुजी घाईघाईने म्हणाले. शरमेने काळवंडलेल्या मुरलीधरला आपण चुकल्याचेच हायसे वाटले.

तेवढ्यात मागच्या रांगेतून कापूस पिकवणारे चिंधाआबा उठले.


“गुरुजी, उत्तर बरोबर शे.”