तुम्हाला असं वाटतं

मंगळवारी दुपारी चार वाजून पाच मिनिटांनी समुपदेशकाने दार ओढून घेतलं, दोन्ही खुर्च्या सारख्याच उंचीच्या आहेत ना ते पाहिलं आणि बसला. नववी बैठक सुरू झाली.

"मला घरी जायचंय," ताई म्हणाल्या.

"तुम्हाला घरी जावंसं वाटतंय."

"पुढच्या महिन्यात वीस तारखेला लेकीचे दिवस भरतायत. पहिलटकरीण आहे. मी तिथे असायला हवी."

"तुम्ही तिथे असायला हवं, असं तुम्हाला वाटतं."

"त्यासाठी तुमची सही लागते."

"माझ्या सहीशिवाय काही अडलंय, असं वाटतं तुम्हाला."

"वाटत नाही हो. फॉर्मवरच छापलंय तसं."

नवरा गेल्यावर ताईंनी सात आठवडे तोंडातून चकार शब्द काढला नव्हता. मुलगा घाबरला आणि त्यांना इथे, या मानसोपचार संस्थेत, ठेवून गेला. आता त्या बोलत होत्या, जेवत होत्या, झोपत होत्या. फॉर्मवर एकच रकाना कोरा होता: 'स्वतःचे निर्णय स्वतः घेऊ शकते.' त्याखाली समुपदेशकाची सही हवी होती.

"माणूस तयार झाला की सही मागत नाही," समुपदेशक मऊ आवाजात म्हणाला. "मागणं म्हणजे अजून दुसऱ्याच्या परवानगीवर जगणं."

"म्हणजे मागितली तर मिळणार नाही. आणि नाही मागितली तर?"

"तुम्हाला याचा राग येतोय."

ताईंनी खिडकीकडे पाहिलं. तिला जाळी होती आणि जाळीपलीकडे समोरच्या इमारतीची भिंत.

ताईंच्या झोपायच्या खोलीतल्या दुसऱ्या पलंगावर निवृत्त शिक्षिका होत्या. त्यांना सगळे बाई म्हणत. ताईंनी बैठकीत काय झालं ते सांगितलं, त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

"अगं, मग मागूच नकोस. त्यालाच बोलता कर. आमच्या मुख्याध्यापकांकडून मी रजा अशीच काढायचे. त्यांच्या गुडघ्यांची चौकशी केली की अर्ज न वाचताच मंजूर."

ताईंना हे काम नवं नव्हतं. वीस वर्षं त्यांनी फ्रीज आणि वॉशिंग मशीनच्या तक्रारी फोनवर घेतल्या होत्या. तिथला पहिला नियम: गिऱ्हाईक म्हणेल ते त्याच्याच शब्दांत परत म्हणायचं. 'तुमचा फ्रीज गार होत नाही आणि दूध नासतंय.' एवढ्यानेच निम्म्या लोकांचा पारा उतरायचा. फ्रीज होता तसाच असायचा. दुसरा नियम: आपल्या पदरचा शब्द घालायचा नाही. 'मशीन आवाज करतंय' याला एका मुलीने 'मशीन बिघडलंय' म्हटलं होतं. कंपनीला नवं मशीन द्यावं लागलं.

दहाव्या बैठकीला समुपदेशक अकरा मिनिटं उशिरा आला.

"माफ करा. आईचा फोन होता."

"आईचा फोन होता," ताई म्हणाल्या.

"रोज असतो."

"रोज."

तो थांबला, पेनाचं टोपण काढलं, लावलं. "बाबांची संस्था नीट चाललीय ना, हेच विचारायला."

"संस्था बाबांची."

त्यानंतरची चाळीस मिनिटं तोच बोलत होता. ताईंनी घरी जाण्याचा विषय काढला नाही.

"विरघळतोय," ताईंकडून हे ऐकून बाई म्हणाल्या. "आता घाई नको करूस."

अकराव्या बैठकीत वडील सविस्तर आले. त्यांच्या काळी याच खोलीत कोच होता. रुग्ण त्यावर आडवा, डॉक्टर त्याच्या डोक्यामागे वही घेऊन. स्वप्नं सांगा, लहानपण सांगा.

"मी जिन्यावरून पडलो तरी विचारायचे, कुणावर राग आलाय? गुडघा फुटलाय हे कुणी बघायचंच नाही."

"गुडघा कुणी बघायचं नाही."

"म्हणून मी अगदी उलटं शिकायला गेलो. माणूस मुळात वाढायलाच निघालेला असतो, त्याला नुसतं ऐकून घेणारं कुणी हवं. आणि शिकून आलो कुठे? त्यांच्याच खोलीत."

"त्यांच्याच खोलीत," ताई म्हणाल्या. "आणि अडकलात."

शब्द तोंडातून निसटला होता. तो त्याचा नव्हता. समुपदेशकाने मान वर केली, मग जाळीकडे बघत राहिला. वेळ संपेपर्यंत तो पेनाचं टोपण काढत-लावत राहिला.

"घात केला मी," ताई खोलीत येऊन म्हणाल्या. "आपल्या पदरचा शब्द घातला."

"रुसला असेल. येईल ताळ्यावर," बाई म्हणाल्या, पण त्यांनाही खात्री नसावी.

पुढचा मंगळवार सोळा तारखेचा. बारावी बैठक. समुपदेशक चारच्या आधीच येऊन उभा होता. कॉलरचं बटण उघडं, चेहरा झोप झाल्यासारखा.

"आज 'तुम्हाला असं वाटतं' नाही म्हणणार," तो हसून म्हणाला. "तुम्ही जसं ऐकलंत तसं मला आजवर कुणी ऐकलेलं नाही. गेल्या वेळी जे म्हणालात, ते आठवडाभर डोक्यात होतं. काल सही केली."

ताईंनी खुर्चीचा हात घट्ट धरला. "केलीत?"

"तीनदा पेन खाली ठेवलं. पण केली. माणूस स्वतःचे निर्णय स्वतः घेऊ शकतो, हे मी इतकी वर्षं नुसतं सांगत होतो. कागद कार्यालयात दिलाय."

त्याने ताईंचे दोन्ही हात हातात घेतले. बैठक पंधरा मिनिटांतच संपली.

बाईंनी साड्यांच्या घड्या घालून बॅग भरून दिली. "सुटलीस गं बाई," म्हणाल्या आणि नाक पुसलं. ताईंनी लेकीला फोन केला. "निघतेय मी. उद्या दुपारपर्यंत पोचते."

पाचला दहा मिनिटं असताना त्या बॅग घेऊन कार्यालयाच्या खिडकीपाशी उभ्या राहिल्या. कारकुनाने ट्रे उपसला, मग फाइल काढली.

"तुमचा रकाना कोराच आहे."

"काल सही केलीय त्यांनी. कागद इथेच दिलाय."

"कागद आलाय," कारकून म्हणाला. "पण तो साहेबांचा राजीनामा आहे. आजपासून लागू. साडेचारला गेलेसुद्धा."

"मग माझी सही?"

"नवीन समुपदेशक करतील. त्यांच्या बारा बैठका झाल्या की."

"कधी येणार ते?"

"आधी जाहिरात द्यावी लागेल."

वीस तारखेच्या सकाळपर्यंत जाहिरात निघालेली नव्हती.