सैन्याची वकील

"सर, चिठ्ठी बदला. सैन्याची वकिली मी मेले तरी करणार नाही!" हनीन कडाडली. पॅलेस्टाइनमधल्या एका विद्यापीठात कायदा शिकणाऱ्यांचा लुटुपुटीचा खटला होता: परवान्याविना बांधलं म्हणून इस्रायली सैन्यानं पाडलेलं घर. कुणी कुठली बाजू मांडायची, ते चिठ्ठ्या टाकून ठरलं होतं. हनीनचं स्वतःचं घरही गेल्या साली तसंच गेलं होतं.

"म्हणूनच बदलणार नाही," सर म्हणाले. "समोरचा काय बोलणार ठाऊक नसेल, तर लढशील कशी?"

दातओठ खात ती उभी राहिली. एकेक नियम असा फेकला, की घरमालकाची बाजू मांडणाऱ्या मैत्रिणीचा एकही मुद्दा टिकला नाही. निकाल हनीनच्या बाजूनं लागला. टाळी मात्र एकानंही वाजवली नाही.

मागच्या बाकावर तिचे वडील होते, लेकीला काळ्या गाऊनमध्ये बघायला कोट चढवून आलेले. ती मान खाली घालून त्यांच्यापुढे गेली.

"झकास बोललीस गं," ते म्हणाले. "आपल्या घराच्या वेळी त्यांच्या वकिलानं एवढेसुद्धा कष्ट घेतले नव्हते. नुसता उभा राहिला नि जिंकला."

हनीन गर्रकन वळली. "सर, अपील! आत्ताच्या आत्ता. या वेळी मी बाबांची वकील."