शेवटचं कडवं

जाखडी नाचाच्या गाण्यात शेवटच्या कडव्यात कवीचं नाव येतं, हा कोकणातला रिवाज. आखातातल्या सलवाच्या हॉलमध्ये पहिल्या रांगेत बसून जयरामने आपलंच गाणं ऐकलं. मुंबईहून आलेल्या शाहिराने शब्द न् शब्द तसाच ठेवला होता. फक्त शेवटी 'जयराम' काढून स्वतःचं नाव घातलं होतं. वर टाळ्या!

जयराम ताडकन उठून बाहेर आला आणि त्याने गावी बायकोला फोन लावला.

"विजया, चोर आहे तो! भर सभेत, मी पहिल्या रांगेत बसलेलो असताना, माझं गाणं स्वतःच्या नावावर गायला. इथे उन्हात एसी दुरुस्त करत मरतोय मी, आणि नाव त्याचं? लाज कशी नाही वाटली मेल्याला?"

"कुठलं गाणं?"

"कुठलं म्हणजे? 'धनी परदेशी गेला' ते. ज्याने मला शाहीर केलं."



"तुम्ही पहिल्या सुट्टीला आलात तेव्हा मीच गाऊन दाखवलेलं ते. त्याच गणपतीत, नाचात, 'विजया' काढून तुम्ही 'जयराम' घातलंत. तेव्हा मीही पहिल्याच रांगेत बसले होते. मी कुणाला फोन लावायचा होता?"