जोडफोटो

छत्तीस साली सारंगखेड्याच्या जत्रेत मी काढलेले फोटो मांडले. मधोमध मोतीलाल पाटलांचा जोडफोटो: पाटील ताठ, शेजारी तापीबाई, पदर हनुवटीपर्यंत ओढलेला. बाईंचे डोळे मिटले की काय ही काळजीच नव्हती, त्यामुळे फोटो पहिल्याच फटक्यात उत्तम आला होता. फोटो काढल्यावर, दिवाळीआधीच तापीबाई वारल्या आणि या जत्रेला पाटील नव्या बायकोला घेऊन आले. तिचाही पदर तेवढाच. ती फोटोसमोर थबकली.

"भाऊ, मन्हाबी असा फोटू काढशात?"

मी लगेच कॅमेऱ्याच्या काळ्या कापडात डोकं घातलं.

"कसाले?" पाटील त्या जोडफोटोकडे बोट करत म्हणाले. "तोंड तं पदरमाच ऱ्हाई. हाऊच तुले चाली जाई."

मी डोकं बाहेर काढलं. ती पदराआडून फोटो बघतच राहिली.

"खरं शे," ती म्हणाली. "तिसरीलेबी हाऊच चाली जाई."