चौथ्या मजल्यावरची डिश

२०१८ सालच्या ऑक्टोबर महिन्याची नऊ तारीख, मंगळवार. स्थळ, मध्य तुर्कस्तानातील कवाक्लार वसाहतीची सातवी इमारत. रस्त्याकडच्या दर्शनी बाजूस डिश लावण्यास नगरपालिकेने मनाई केली होती, आणि चौथ्या मजल्यावरची शेवटची डिश उतरवायला निरीक्षक नेज्देत स्वतः आला होता.

"मावशी, तुमच्या घरात टीव्हीच नाही. मग ही डिश काय कबुतरांना सिनेमा दाखवायला?"

"ह्यांची स्मृती गेली, लेका," साबाहत म्हणाली. "नमाज तेवढी आठवते, मक्का कुठे ते नाही. डिशचं तोंड जिकडे, तिकडे उभे राहतात. मी वळवायला गेले, तर परकी बाई समजून अंग चोरतात."

नेज्देतने तरुणपणी शेकडो डिश बसवल्या होत्या. या गावातून उपग्रह आणि मक्का जवळजवळ एकाच दिशेला आहेत, हे त्याला ठाऊक होते. तरीही नियमाला अपवाद नव्हता. त्याने डिश उतरवली.

तेवढ्यात बांग झाली. म्हातारे इहसान चटई घेऊन बाल्कनीच्या दाराशी आले आणि रिकामा कठडा पाहून जागच्या जागी गोल फिरू लागले. नेज्देतने बूट काढले, हातपाय धुतले, मक्केकडे तोंड करून तो त्यांच्या पुढे उभा राहिला आणि कित्येक वर्षांनी नमाज पढला. इहसान त्याच्या मागे वाकले, उठले, शांत झाले.

"झालं ना मावशी, नीट?" डिश काखोटीला मारत त्याने विचारले.

"ही एक नमाज झाली," साबाहत म्हणाली. "पुढच्या सगळ्या तू घेऊन चाललास."